मजेत ना?

दिवाळीच्या चार दिवसांत आपल्याकडे एक प्रश्न घरोघर फिरत असतो. उंबऱ्याशी चपला काढता काढता पाहुणा विचारतो, ‘काय, मजेत ना?’ आपण ‘हो, मजेत’ म्हणतो आणि फराळाची बशी पुढे करतो. या प्रश्नातला शेवटचा ‘ना’ मोठा चतुर आहे. तो आपले उत्तर बरोबर घेऊनच आलेला असतो. आपण फक्त मान डोलवायची. विचारणाराच्या मनात कपट नसते. सणाच्या दिवशी शुभ बोलावे, एवढाच त्याचा भाव. परंतु मान डोलवण्याइतकेही त्राण ज्याच्या अंगात उरलेले नाही, त्या माणसाने या प्रश्नाला काय उत्तर द्यावे?

हा प्रश्न मला पुस्तके चाळताना सुचलेला नाही. 2021 सालच्या दिवाळीत मी स्वतः त्या माणसाच्या जागी बसलो होतो.

मला निवृत्त होऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. तालुक्याच्या गावी मराठी आणि संस्कृत शिकवण्यात आयुष्य गेले. घर स्वतःचे, पेन्शन वेळेवर, मुलगा पुण्यात नोकरीला, सून गुणी, पत्नीची प्रकृती ठणठणीत. जमाखर्च मांडला तर शिल्लकच निघावी. आणि तरीही आषाढापासून माझ्या मनातून काहीतरी ओसरू लागले होते. दुःख म्हणावे तर दुःखाला निमित्त लागते. मला निमित्त सापडत नव्हते. पहाटे तीनला जाग येई आणि मग उजाडेपर्यंत मी आढ्याकडे पाहत पडून राही. वर्तमानपत्रातले एकच वाक्य चार वेळा वाचावे आणि अर्थ हाती लागू नये. अंघोळीला उठायचे म्हणजे गड चढायला निघाल्यासारखे वाटे. त्या दिवाळीत तोंडात घातलेली चकली कुरकुरते आहे हे कानाला कळत होते, जिभेला काही कळत नव्हते. आणि दारात पाहुणे विचारीत होते, ‘काय मास्तर, मजेत ना?’

मला विचारायला, समजवायला कोणी आले नाही, असे मात्र नाही. आपल्या समाजाला कोणी काहीही म्हणो, दुखणाइताला भेटायला यायला तो चुकत नाही. एक जुने सहकारी आले. त्यांनी रोज पहाटे पाच किलोमीटर चालण्याचा सल्ला दिला. चुलतभाऊ आला, दोन्ही पाय गमावूनही सदा हसतमुख असणाऱ्या कोणा गृहस्थाची हकीकत त्याने सांगितली आणि शेवटी म्हणाला, ‘तुला काय कमी आहे रे?’ मावसबहिणीने पारायण सुचवले. मोठ्या हुद्द्यावर गेलेल्या एका विद्यार्थ्याने, मीच कधीकाळी वर्गात सांगितलेले धैर्याचे बोल फोनवरून मला ऐकवले. एका डॉक्टरांनी नाडी पाहिली, ‘काही झालेलं नाही, मन रमवा,’ असे म्हणून शक्तीचे औषध लिहून दिले. पत्नी बिचारी सगळ्यांचे ऐके आणि रात्री मला म्हणे, ‘अहो, सगळे एवढं सांगताहेत, थोडं मनावर घ्या ना!’

मनावर घ्यायला मन जाग्यावर असावे लागते, हे तिला कसे सांगावे ते मला कळत नव्हते.

आज शांतपणे विचार करताना मला वाटते, यातला एकही माणूस चुकीचे बोलत नव्हता. चालणे चांगलेच असते. आपल्याहून दुःखी माणसे जगात असतातच. श्रद्धावानाला पारायणाने बळ मिळते, हेही खरे. मग या सगळ्या चांगल्या बोलण्याने मी अधिकाधिक खचत का गेलो? कारण त्या प्रत्येक सल्ल्याच्या पोटात एक न बोललेले वाक्य होते: हे तुझ्या हातात आहे, आणि तू करीत नाहीस. पाय मोडलेल्याला कोणी ‘थोडं मनावर घे आणि चाल’ असे म्हणत नाही. मन मोडलेल्याला मात्र आपण नेमके तेच म्हणतो. त्यामुळे त्याच्या दुखण्यावर अपराधाचा आणखी एक थर चढतो. आधी तो नुसता आजारी असतो. सल्ले ऐकून ऐकून तो आपल्याच दृष्टीने आळशी, कृतघ्न आणि नादान ठरतो. दुसऱ्याच्या मोठ्या दुःखाशी केलेली तुलना तर फारच कठोर. तिने आपले दुःख कमी होत नाही. ते बाळगण्याचा अधिकार तेवढा काढून घेतला जातो.

आणि मला अशीही शंका आहे की, उपदेश करण्यात आपला स्वतःचा एक स्वार्थ असतो. समोरच्याची असहायता पाहून आपण अस्वस्थ होतो. ती अस्वस्थता सोसत बसून राहण्यापेक्षा एक उपाय सांगून उठणे सोपे. उपाय सांगितला की आपले कर्तव्य संपते. पुढे तो बरा झाला नाही तर दोष त्याचा. असे मी इतरांविषयी म्हणतो आहे असे कृपा करून समजू नका. छत्तीस वर्षांच्या नोकरीत कितीतरी रडवेल्या मुलांना मीही असेच उपाय सांगून वर्गाबाहेर पाठवले असेल.

कार्तिकी एकादशीच्या सुमारास शेजारचे अण्णा यायला लागले. अण्णा म्हणजे तहसील कचेरीतले निवृत्त अव्वल कारकून. आमचा घरोबा होता, पण जिव्हाळ्याचे बोलणे असे कधी झालेले नव्हते. ते संध्याकाळी पाचला येत, ओसरीवरच्या खुर्चीत बसत, स्वतःचे वर्तमानपत्र स्वतः वाचीत, चहा आला तर घेत आणि साडेसहाला ‘बराय मास्तर, उद्या येतो,’ म्हणून उठत. पहिले आठ दिवस मला त्यांचा रागच आला. नंतर लक्षात आले की पाच वाजायच्या सुमारास माझे कान फाटकाच्या कडीकडे लागतात. दिवसभरात मी कशाची तरी वाट पाहत होतो, ही गोष्ट कित्येक महिन्यांत प्रथम घडत होती. त्यांच्यासमोर मला बरे असल्याचे सोंग करावे लागत नव्हते, आणि बरे नसल्याची कैफियतही द्यावी लागत नव्हती.

पंधरा-वीस दिवसांनी एके संध्याकाळी त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, चष्मा काढला आणि सरळ विचारले, ‘मास्तर, कधी जीव नकोसा होतो का?’

एवढ्या महिन्यांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. असे विचारले तर नसता विचार मनात भरेल, ही भीती सगळ्यांना असते. जाणकार उलट सांगतात: विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, असला तर बाहेर पडायला वाट मिळते. माझ्यापुरते मी एवढेच सांगतो की, तो प्रश्न ऐकल्यावर मी लहान मुलासारखा रडलो आणि म्हणालो, ‘होतो.’ अण्णांनी मला धीर दिला नाही, शपथ घातली नाही, मुलाबाळांची आठवण करून दिली नाही. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘उद्या जिल्ह्याच्या दवाखान्यात जाऊ. तिथं मनाच्या आजाराचे डॉक्टर बसतात. मी येतो बरोबर. आणि आज रात्री वहिनींना सांगून ठेवू. एकट्यानं नका राहू.’

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने आम्ही गेलो. केस पेपर काढायच्या रांगेत अण्णा उभे राहिले. मी बाकावर बसून होतो. रांगेत गावातले कोणी दिसेल या भीतीने मी मफलर नाकावर ओढून घेतला होता. आमच्या पिढीच्या कानांत ‘येरवडा’ आणि ‘ठाणे’ ही गावांची नावे म्हणून पडतच नव्हती. ती थट्टेची आणि धाकाची नावे होती. ‘याला येरवड्याला पाठवा’ म्हटले की सगळ्यांनी हसायचे. त्या हसण्याची किंमत मी त्या बाकावर मोजीत होतो. आत गेल्यावर एका तरुण डॉक्टरबाईंनी मला अर्धा तास प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, ‘सर, हा आजार आहे. याला नैराश्य म्हणतात. औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतील, तोवर धीर सोडू नका; आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं गोळ्या बंद करू नका.’ आजार! हा शब्द ऐकून कोणाला इतका आनंद झाला नसेल. आजार म्हटल्यावर मी अपराधी राहत नव्हतो.

गोळ्या सुरू झाल्या. महिन्यातून दोनदा समुपदेशकाशी बोलणे सुरू झाले. शिमग्याच्या सुमारास एक दिवस आमटीची चव कळली. पुढची कथा सांगण्यासारखी नाही, कारण बरे होण्याची कथा फार सपक असते. काही दिवस चांगले, काही वाईट. हळूहळू चांगल्यांची संख्या वाढत जाते.

बरे वाटू लागल्यावर मी पुन्हा गीता काढली. व्यवसायामुळे ती पाठ होती. परंतु पाठ असलेल्या ग्रंथातले आपण फार थोडे पाहिलेले असते. या वेळी मी तत्त्वज्ञानासाठी वाचीत नव्हतो. एक खचलेला माणूस आणि त्याला आधार देणारा मित्र, एवढ्याच दृष्टीने मी त्या संवादाकडे पाहत होतो. आणि मला अशा काही गोष्टी दिसल्या की ज्या मी वर्गात कधी सांगितल्या नव्हत्या.

पहिल्या अध्यायात अर्जुनाचे अंग कापते, तोंड कोरडे पडते, हातातून धनुष्य गळते. तो बोलत सुटतो. श्रीकृष्ण मात्र त्या सबंध अध्यायात एकच लहानसे वाक्य बोलतो, तेही अर्जुन खचण्यापूर्वी. बाकी सारा वेळ तो ऐकतो. समोर दोन सैन्ये उभी, शंख वाजून गेलेले, आणि सारथी ऐकतो आहे! दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी मात्र तो दोन श्लोकांत अर्जुनाची कानउघाडणी करतो. हे तुला शोभत नाही, हा दुबळेपणा सोड आणि ऊठ, असा त्याचा आशय. आपण सगळे जे करतो तेच! आणि पाहा, त्याचा काडीचा उपयोग होत नाही. अर्जुन ‘मी लढणार नाही’ असे सांगून गप्प बसतो. साक्षात भगवंताची कानउघाडणीसुद्धा जिथे वाया गेली, तिथे आपल्या चुलतभावाने स्वतःच्या उपदेशाकडून किती अपेक्षा ठेवावी?

खरे शिकवणे त्यानंतर सुरू होते. आणि तेही अर्जुनाने ‘मला काही सुचत नाही, मला शिकव’ असे म्हटल्यानंतर. पुढे अर्जुन शंकांमागून शंका काढतो. तुझ्या बोलण्याने माझा गोंधळच वाढतो, अशी तक्रारही तो करतो. श्रीकृष्ण रागावत नाही. तीच गोष्ट दुसऱ्या बाजूने समजावतो. अठरा अध्यायांच्या शेवटी तो म्हणतो की, मी सांगायचे ते सांगितले, आता नीट विचार कर आणि तुझ्या इच्छेला येईल तसे कर. आणि मग तो विचारतो: ऐकलेस ना? मोह गेला ना? आधी ऐकणे, मग मागितल्यावर सांगणे, शंका सोसणे, निर्णय ज्याचा त्याच्याकडे ठेवणे आणि शेवटी पुन्हा विचारपूस करणे. आधार या शब्दाची याहून चांगली फोड मला तरी ठाऊक नाही. आपल्या परंपरेने त्या पहिल्या अध्यायाला ‘अर्जुनविषादयोग’ असे नाव दिले. विषादालाही योग म्हणण्याचे धाडस ज्या परंपरेत आहे, तिच्या वारसांनी विषादी माणसाला ‘नाटकं पुरे’ म्हणावे, हे मोठे आश्चर्य होय.

येथे एक इशारा दिला पाहिजे. अर्जुनाचा विषाद हा कर्तव्याविषयीचा पेच होता. माझा विषाद हा आजार होता. दोन्ही एक नव्हेत. ज्याला गोळी हवी त्याच्या हातात गीता देणे हा गीतेचाही अपमान आहे. आधार कसा द्यावा एवढेच मी त्या ग्रंथातून शिकलो. रोगाचे औषध मी त्यात शोधले नाही.

पण विचारी वाचक येथे मला अडवील, आणि त्याने अडवावेच. तो म्हणेल, माणसाने स्वतःच स्वतःचा उद्धार करावा असे सहाव्या अध्यायात तीच गीता सांगते ना? मग दुसऱ्याच्या खांद्यावर मान टाकणे हा पराभवच नव्हे काय? या आक्षेपाने मला फार दिवस छळले. आता त्याचे उत्तर मला असे दिसते: स्वतःचा उद्धार स्वतः करणे म्हणजे एकट्याने करणे नव्हे. ते वचन सांगणारा स्वतः दुसऱ्याच्या रथाचे लगाम हाती धरून बसला आहे, हे आपण का विसरावे? अर्जुनाला जे स्वतः करावे लागले ते पहिले काम म्हणजे ‘मला मदत कर’ असे म्हणणे. हे त्याच्या वतीने दुसरा कोणी म्हणू शकत नव्हता. बुडणाऱ्याने हात वर करणे हा त्याचा स्वतःचाच पुरुषार्थ असतो. त्या संध्याकाळी ‘होतो’ हा एक शब्द उच्चारायला मला जितके बळ लागले, तितके आयुष्यात दुसऱ्या कोणत्याही कामाला लागलेले नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. तो म्हणतो, हे काम तज्ज्ञांचे आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्यात पडू नये. यात तथ्य आहे, पण अर्धेच. 2015-16 साली देशातल्या 12 राज्यांत मानसिक आरोग्याची मोठी पाहणी झाली. प्रौढांपैकी शंभरात दहा-अकरा जणांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे तीत आढळले. आणि आजारागणिक शंभरांतल्या 70 ते 92 जणांपर्यंत उपचार पोहोचलेला नव्हता. एवढ्यांना पुरतील इतके तज्ज्ञ एका रात्रीत कोठून आणणार? आपल्या शेजारच्या गोव्यात 1996 साली स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने यावर एक वाट शोधली. डॉक्टर नसलेल्या साध्या स्त्री-पुरुषांना तिने समुपदेशनाचे शिक्षण दिले, त्यांच्यावर जाणकारांची देखरेख ठेवली आणि गावच्या दवाखान्यात त्यांना रुग्णांशी बोलायला बसवले. नैराश्याच्या रुग्णांना याचा गुण येतो, हे रीतसर चाचण्या घेऊन दाखवण्यात आले. ते निष्कर्ष 2010 आणि 2017 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

याहून हृद्य हकीकत आफ्रिकेतल्या झिंबाब्वेची आहे. हरारे शहरात डिक्सन चिबांडा नावाचे मानसोपचारतज्ज्ञ आहेत. त्यांची एक तरुण रुग्ण पुन्हा तपासणीला आली नाही आणि जिवाला मुकली. दवाखान्यापर्यंत यायला बसभाड्याचे पैसे नव्हते, असे तिच्या आईने त्यांना सांगितले. तेव्हा दवाखानाच माणसाजवळ कसा न्यावा, या विचाराला ते लागले. 2006 साली म्बारे नावाच्या वस्तीत त्यांनी 14 आजीबाईंना शिकवून तयार केले आणि दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक टाकून दिले. त्याला नाव पडले ‘मैत्रीचा बाक’. येणाऱ्याने आजीशेजारी बसायचे आणि बोलायचे. आजी ऐकते, ठरलेले प्रश्न विचारते, सगळ्या अडचणींतून एक अडचण निवडायला लावते, आणि ती कशी सोडवायची हे त्याच्याच तोंडून काढते. दुखणे हाताबाहेरचे वाटले तर वरच्या दवाखान्यात पाठवते. पुढे 573 रुग्णांवर याची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2016 साली प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनी, नेहमीचा उपचार मिळालेल्यांपैकी शंभरांतल्या सुमारे 50 जणांत नैराश्याची लक्षणे शिल्लक होती. बाकावर बसलेल्यांत ती सुमारे 14 जणांत उरली.

तिथल्या शोना भाषेत या दुखण्याला ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात. अर्थ काय, तर ‘फार विचार करणे’. हे वाचले आणि मी चमकलो. ‘फार विचार करू नकोस’ हे वाक्य ज्या मराठी घरात बोलले जात नाही असे घर दाखवा! दुखणे त्यांनीही तेच ओळखले, आपणही तेच ओळखले. आपण म्हणालो, ‘करू नकोस.’ आजी म्हणाली, ‘बैस, काय विचार करतोस ते मला सांग.’ फरक एवढाच.

परंतु त्या आजीबाई नुसत्या प्रेमळ होत्या म्हणून हे घडले असे समजणे चुकीचे ठरेल. त्या शिकलेल्या होत्या, त्यांना पद्धत होती आणि आपली हद्द ठाऊक होती. अण्णांचेही तसेच. त्यांनी मला बरे केले नाही. डॉक्टरांनी आणि औषधांनी बरे केले. पण अण्णा नसते तर मी डॉक्टरांपर्यंत पोहोचलो नसतो, आणि डॉक्टर नसते तर अण्णांच्या सोबतीला आजार हटला नसता. माया आणि विद्या या दोन चाकांपैकी एकावर ही गाडी चालत नाही.

तिसरी अडचण अब्रूची. ‘लोक काय म्हणतील? मुलीचं लग्न व्हायचं आहे.’ या एका वाक्याने किती घरांतली किती दारे बंद ठेवली असतील! मजा अशी की, ज्याला आपण रूक्ष म्हणतो तो कायदा या बाबतीत समाजाच्या पुढे गेला आहे. 1912 च्या कायद्याच्या नावातच ‘वेडेपणा’ होता. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा उपचार हा माणसाचा हक्क मानतो, त्याच्या आजाराची माहिती गुप्त ठेवायला सांगतो आणि विम्याच्या बाबतीत मनाच्या दुखण्याला शरीराच्या दुखण्याच्या पंक्तीला बसवतो. जीव देण्याचा प्रयत्न केलेला माणूस 1860 च्या दंडसंहितेनुसार गुन्हेगार होता. 2017 च्या कायद्याने सांगितले की, अशा माणसावर असह्य ताण होता असेच धरून चाला आणि त्याची काळजी घ्या; आणि 1 जुलै 2024 पासून आलेल्या न्याय संहितेत ते जुने कलम राहिलेच नाही. दीडशेहून अधिक वर्षे लागली, पण न्यायासनावर बसलेल्याला जे कळले ते आपल्या ओसरीवर बसलेल्याला केव्हा कळणार?

आता राहिली शेवटची गोष्ट. आणि ती मला सर्वांत अवघड वाटते. जो आधार देतो त्याला आधार कोणाचा?

1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली. ती ज्यांनी भराभर उतरवून घेतली म्हणून आज आपल्यापाशी आहेत, ते साने गुरुजी. विषादयोगावरचे बोलणे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून काढले. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली आणि महाराष्ट्राच्या तीन पिढ्यांच्या डोळ्यांत पाणी आणले. 1947 साली पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून ते प्राणांतिक उपोषणाला बसले. ज्याला त्याला त्यांनी मायेने जवळ घेतले. आणि 11 जून 1950 रोजी, वयाच्या 51 व्या वर्षी, त्यांनी आपल्या हाताने आपली जीवनयात्रा संपवली. त्यांच्या मनात काय होते ते सांगण्याचा अधिकार मला नाही, आणि एका थोर जीवनाचा निकाल त्याच्या शेवटच्या दिवसावरून लावण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण शाळेत दरवर्षी ‘श्यामची आई’ शिकवताना तो शेवट आम्ही मास्तर हळूच गाळीत असू. आता वाटते, गाळायला नको होता. हळवे मन हा गुण आहे असे आपण मुलांना शिकवले. हळव्या मनाने थकल्यावर कोणाकडे जावे, हे शिकवले नाही. देणाऱ्याकडे कधी रिते हात असू शकतात हे आपल्याला सुचतच नाही, आणि त्यालाही ते बोलण्याचा संकोच होतो.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी मी अण्णांना विचारले, ‘तुम्हांला हे सगळं कसं सुचलं? नुसतं येऊन बसायचं, मग नेमका तोच प्रश्न विचारायचा?’

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘माझा धाकटा भाऊ होता, मास्तर. त्याचंही असंच झालं होतं. मी त्याला उपदेश केला. फार चांगला उपदेश केला.’ एवढे बोलून त्यांनी वर्तमानपत्र उघडले.

मी काही बोललो नाही. खुर्ची थोडी त्यांच्याजवळ ओढून घेतली. त्या दिवसापासून आठवड्यातून तीन दिवस ते माझ्या ओसरीवर येतात आणि तीन दिवस मी त्यांच्या ओसरीवर जातो. कधी बोलतो, कधी बोलत नाही.

वाचकहो, दिवाळीच्या अंकात हा विषय काढल्याबद्दल रागावू नका. सणाच्या दिवशी अंधार अधिक गडद होतो तो ज्याच्या घरात दिवा नाही त्याच्यासाठी. तुमच्या घरी, तुमच्या वाड्यात, तुमच्या इमारतीत असा एखादा माणूस असेलच: फराळाला न येणारा, आतल्या खोलीत पडून राहणारा, किंवा सगळ्यांत मोठ्याने हसणारासुद्धा. त्याला उपाय सांगू नका. ‘मजेत ना’ मधला तो ‘ना’ तेवढा गाळा आणि विचारा, ‘कसा आहेस?’ विचारून लगेच उठू नका. उत्तर आलेच तर ते ऐकण्याइतका वेळ हाताशी ठेवून बसा. आणि उत्तर जड निघाले तर डॉक्टरांच्या रांगेत त्याच्यासाठी उभे राहा. ज्याच्याजवळ अण्णा नाहीत त्याच्यासाठी ऑक्टोबर 2022 पासून सरकारने ‘टेलि-मानस’ नावाची सोय केली आहे. 14416 हा क्रमांक फिरवला की रात्री-अपरात्रीही पैसे न पडता कोणीतरी ऐकायला असते. मराठीत बोलता येते.

आणि जो आतल्या खोलीत पडला आहे तो चुकून हे वाचीत असेल, तर त्यालाही एक सांगायचे आहे. बाबा रे, तू आळशी नाहीस, कृतघ्न नाहीस, नादान तर मुळीच नाहीस. तू आजारी आहेस, आणि या आजाराला उतार असतो. तुला आज उठायला जमणार नाही, हे मला ठाऊक आहे. कोणी विचारले तर ‘मजेत’ म्हणू नकोस, इतकेच कर. जे आहे ते एका शब्दात सांग. पुढचे काम त्या ऐकणाऱ्याचे.

पाच वाजत आले. आज अण्णांच्या घरी जायचा माझा वार आहे. त्यांच्याकडच्या चकल्या यंदा जरा तिखट झाल्या आहेत, असे काल त्यांच्या सूनबाईंनी सांगितले. तिखट झाल्या आहेत हे मला कळेल, याचाच मला आनंद आहे.